चिंचेविना वरण

ईशा, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, मोठ्याई एवढ्या माणसांचं घर कशी चालवायची गं? माझ्या एकटीचं सामान महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही." मी म्हटलं, लिहून पाठवते. तुला आणि तुझ्या भावाला, निखिलला, दोघांनाही. शिक्षिकेची सवय, म्हणून क्रमवार लिहायला बसले: तेल, डाळ, भाजी, किराणा. पण तेलावरून डाळीवर आले आणि हात थांबला. डाळीची गोष्ट मोठ्याईला वगळून सांगता येत नाही, आणि मोठ्याईची गोष्ट डाळीला वगळून.

मोठ्याई म्हणजे माझी थोरली जाऊ. तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको. तुम्ही तिला पाहिलंत ते म्हातारपणी, खाटेवर बसून शेंगा सोलताना. मी लग्न होऊन सानगडीच्या घरात आले तेव्हा ती ताठ होती, काटक होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अशी बसायची की तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येऊ नये. मी नागपुरात इंग्रजी शिकलेली, रोज बसने साकोलीच्या शाळेत शिकवायला जाणारी. ती सातवी शिकलेली. पण तिनं माझ्या शिक्षणाचा कधी बाऊ केला नाही आणि हेवाही केला नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "सुधा, तू शाळा पाहा. हे मी पाहतो. दोघी एकाच चुलीत फुकत बसलो त धूरच होईन."

तिची पद्धत साधी होती. महिन्याचं सामान आणायचं त्या सकाळी ती सगळे डबे ओसरीवर आणून उघडून ठेवायची. ज्या डब्याचा तळ दिसेल तोच डबा दुकानात जाणार. कोणाला काय हवं ते बोलून उपयोग नव्हता. आजोबांना बिस्किटं आवडायची. ते म्हणायचे, "वहिनी, या वेळी बिस्किटं सांगा ना."

"बिस्किटाचा डबा कुठं हाय?"

"डबा नाही आपल्याकडे."

"मग कायचा सांगू? आधी डबा आना."

आजोबांनी खरंच साकोलीहून एक डबा आणला. मोठ्याईनं तो धुतला, वाळवला आणि त्यात मेथ्या भरल्या.

बाजाराला ती पोटभर जेवून जायची. "उपाशी माणसानं बजारात जाऊ नये. हात नाही, पोटच वस्तू उचलते." आणि पहिल्या फेरीत ती काहीच घ्यायची नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालायची, वांगी चिमटीत धरून पाहायची, परत ठेवायची. भाजीवाल्या बाया वैतागायच्या. एकदा एकीनं टोमणा मारलाच, "काय वो मावशी, प्रदर्शन पाहाले आली का?"

"हो," ही म्हणाली, "तिकीट नाही ना?"

तेल ती सकाळी एका वाटीत काढायची. दिवसभराचं तेल तेवढंच. वाटी संपली की संपली, मग संध्याकाळी तव्यावर पाण्याचा हबका मारून भाजी व्हायची. दुधी आणला तर गर भाजीत, सालं तीळ घालून चटणीत, बिया उन्हात. भाताची पेज कधी मोरीत गेली नाही. मीठ-जिरं घालून ती सकाळी मुलांच्या पोटात जायची. तुझ्या बाबानं ती पेज पिऊनच दहावी केली, त्याला विचार.

ती नेहमी बरोबर असायची असं मात्र नाही. एका वर्षी तिनं स्वस्त मिळाली म्हणून तांदळाची कणी घेतली, पोतंभर. घरी आणून उघडलं तर आत पोरकिडे आणि कुबट वास. आम्ही म्हटलं, परत करू, नाहीतर गुरांना घालू. ती ऐकेना. उन्हं दिली, पाखडली, धुतली, आणि ती कणी आम्ही होळीपर्यंत खाल्ली: कणीचा भात, कणीची खिचडी, कणीची भाकरी. माझे भासरे, म्हणजे तिचे यजमान, फार कमी बोलणारे. एका रात्री ताटाकडे बघून म्हणाले, "बैलाले बी पुसून पाहा, त्याले आवडते का."

"बैलानं घेतली नाही," ती म्हणाली. "मी घेतली. आता खा."

चुकलं असं ती म्हणाली नाही. पण पहिला आणि मोठा वाटा तिनं रोज स्वतःच्या ताटात वाढून घेतला, हेही मी पाहिलं होतं.

दोन गोष्टी तिच्या हिशेबात बसत नव्हत्या, आणि त्या मला बरीच वर्षं कळल्या नाहीत.

एक म्हणजे पाणी. वरण कमी पडेल असं वाटलं की कोणतीही बाई तांब्याभर पाणी ओतते. मोठ्याई ते कधीच करायची नाही. "पानी वाढवनं म्हनजे खानाऱ्याले फसवनं. डार वाढवा, नाहीतर सांगा का सरलं." डाळ वाढवायची म्हणजे तुरीत लाखोरी मिसळायची. लाखोरी तुम्हाला माहीत नसेल. धान उभं असतानाच आमच्याकडे ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तिचं बी फेकतात. धान कापलं की ती वर येते, नांगर नाही, खत नाही. गरिबाची डाळ. पण तीच ती रोज पोटभर, दुसरं काही न मिळता खाल्ली तर पाय लुळे पडतात, हेही खरं. त्या काळी तिच्या विक्रीवर बंदी होती. मोठ्याई ती रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी फेकायची, पुन्हा धुवायची आणि तुरीत थोडीच घालायची. आम्हा कोणाला कधी काही झालं नाही.

दुसरी गोष्ट चिंच. आमच्या मागच्या अंगणात चिंचेचं भलंमोठं झाड, फांद्या भरून वाकायच्या. आणि आमच्या वरणात चिंच नाही. आंबाडी असायची, वाळवलेली कैरी असायची, कधी ताक. चिंच नाही. हंगामात शेजारच्या बाया यायच्या, टोपल्या भरून न्यायच्या, आणि जी बाई दुधीची साल टाकत नव्हती ती म्हणायची, "न्या, सारी न्या." मला वाटायचं, माणसाला एक तरी उदारपणा हवा, हिचा हा असेल.

आता मंदाआत्याचं सांगते. मंदा मोठ्याईची एकुलती मुलगी. तिचा डावा पाय किंचित आखूड पडतो, ते तुम्ही पाहिलं आहे. लहानपणी, मी या घरात येण्याआधी, ती चिंचेवरून पडली आणि हाड नीट बसलं नाही. घरात तिला सगळे म्हणायचे, "माकडावानी चढली न पडली." मंदाही हसून तेच सांगायची. ती बारावी झाली, शिवणकाम शिकली, हाताला चव आली, आणि तिच्या लग्नाचं बघणं सुरू झालं.

पहिलं स्थळ आलं, पाय पाहून गेलं. दुसऱ्या स्थळानं पाय मान्य केला, पण चार दिवसांनी निरोप आला, नको. गावातल्या कोणीतरी कानात सांगितलं होतं: त्या घरी लाखोरी शिजते, पोरगी पडली-बिडली काही नाही, डाळीनं गेला पाय, आज तिचा गेला, उद्या तिच्या लेकराचा जाईन. असं होत नाही, हे मी शाळेतल्या मुलींना समजावू शकत होते. पण गावात सभा घेऊन सांगणार कोणाला?

तिसरं स्थळ आंधळगावचं. मुलगा गजानन, घरचं किराणा दुकान. आईवडील नव्हते, आत्यानं वाढवलेला, दुकानही तीच चालवायची. देवकाबाई त्यांचं नाव. त्यांनी निरोप पाठवला, "मंडईले येतो. तवाच पोरगी पाहू."

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. ज्या दिवशी ज्या गावची मंडई, त्या दिवशी त्या गावच्या प्रत्येक घरात पाहुणे. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात मुली बघणं. कोण येणार हे कोणी कळवत नाही. पाहुणा पाहुण्याला घेऊन येतो. घरच्या बाईची त्या दिवशी परीक्षा असते, आणि तिला उपाशी कोणाला पाठवता येत नाही.

मी आदल्या दिवशी साकोलीहून तूरडाळ आणली, आणि मोठ्याईला म्हटलं, "बाई, उद्या नुसती तूर. लाखोरीचा डबा मी माळ्यावर टाकते."

"टाक," ती म्हणाली. पण संध्याकाळी मी पाहिलं तर डबा खाली होता आणि पातेल्यात लाखोरी भिजत होती.

"हे कशाला?"

"आपल्यासाठी. आपुन मागून जेवतो ना."

तिचा बेत मला नंतर कळला. देवकाबाई आणि गजानन मानाचे पाहुणे, म्हणजे पहिल्या पंगतीला बसणार. पहिली पंगत नुसत्या तुरीच्या वरणाची. मागून माणसं वाढली तर डाळ वाढवायला लाखोरी तयार. हिशेब चोख होता.

दुपारी पाहुणे आले ते थांबेनात. आजोबांचे शाळेतले मित्र, भासऱ्यांच्या मामाकडचे, आणि त्यांच्यासोबत ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती असे. देवकाबाई आल्या तेव्हा अंगणातल्या मंडपात जागा नव्हती. उंच, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि डोळे दुकानदाराचे: आल्या आल्या त्यांनी घर तोलून घेतलं. मंदानं पाणी आणून दिलं. त्यांनी पेला घेतला आणि ती परत जाताना तिच्या पायाकडे पाहिलं, लपवून नाही, सरळ.

"जन्माचा हाय का पाय?"

"लहानपनी पडली," मोठ्याई म्हणाली.

"असं," देवकाबाई म्हणाल्या. त्या 'असं'मध्ये गावभराचं ऐकलेलं होतं.

पानं मांडली. मोठ्याई स्वतः बाहेर आली, हात जोडून म्हणाली, "बाई, तुमी न् गजाननराव पहिल्या पंगतीले बसा."

"गजानन बसन," देवकाबाई म्हणाल्या. "मी तुमच्यासंग बसतो, बायायसंग. ज्या घरची पोरगी न्यायची, त्या घरच्या बाया काय खातात ते पाहाव लागते."

मोठ्याईचा चेहरा मी पाहिला. बदलला नाही. ती आत वळली. मी तिच्यामागे गेले. चुलीवरचं वरणाचं भांडं पहिल्या पंगतीलाच तळाला जाणार हे दिसत होतं.

"बाई, त्यांच्यापुरतं वाटीभर काढून ठेवा."

"काढलं त मंग पंगतीतला शेवटचा मानूस वरनाविना उठन. आन एकीले येगळी वाटी वाढली त सारेच पाहातीन."

"मग पाणी घाला. आजचा दिवस. मी पाया पडते तुमच्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेरून हाक आली, "वहिनी, वरण येऊ द्या!" तिनं भिजवलेली लाखोरी धुतली आणि दुसऱ्या चुलीवर चढवली. मी डोळे मिटून घेतले.

पुरुषांच्या पंगती आटोपल्या तेव्हा उन्हं कलली होती. शेवटी आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो: देवकाबाई, मोठ्याई आणि मी. वाढायला मंदा. मंदानं भात वाढला, वरण वाढलं. मोठ्याईनं तूप वाढायला सांगितलं. देवकाबाईंनी भात कालवला, एक घास घेतला. मग बोटांत डाळीची एक कणी धरली, दाबली, आणि थांबल्या. तूर घोटली की विरघळते. लाखोरीची कणी राहते. आयुष्यभर डाळी मापणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही.

"बाई, डार कोनती हाय?"

मी मोठ्याईकडे पाहिलं नाही. पाहू शकले नाही.

"तूर हाय," मोठ्याई म्हणाली, "न् लाखोरी हाय."

"रोज शिजते?"

"रोज."

"पोरगी बी खाते?"

"खाते."

मंदा भाताचं भांडं घेऊन उभी होती. देवकाबाईंनी मान वर केली आणि पुन्हा तिच्या पायाकडे पाहिलं. बाहेर पोरांची पिपाणी वाजत होती. मला वाटलं, आता त्या हात धुतील, उठतील आणि संपलं. आणि खरंच त्यांनी ताट थोडं पुढे सारलं.

"डारीनं नाही झालं ते," मोठ्याई म्हणाली. "मी केलं."

आवाज तोच होता, सामान सांगतानाचा.

"डब्यातली चिंच सरली, इकत आनाव लागे. न् झाड घरचं. खालच्या चिंचा साऱ्या सरल्या होत्या, वरची फांदी भरून होती. हे लहान होती, हलकी. मीच उचलून देल्ली पहिल्या फांदीवर. म्हनलं चढ, माय खाली हाय, भेऊ नोको. खालीच होती मी. ते वरून टाके न् मी वेचू. मी वर पाहातच नोहती. चिंचाच पाहात होती."

मग मंदा बोलली, अगदी हळू.

"मले त सांगतलं होतं, मी आपल्या मनानं चढली म्हून."

"मीच सांगतलं."

"माकडावानी चढली, म्हनत होते सारे."

"मी म्हनू देल्लं."

मंदानं भाताचं भांडं खाली ठेवलं. जोरात नाही, नीट ठेवलं. आणि मागच्या दारानं अंगणात गेली. तिच्या त्या चालीचा आवाज, एक पाऊल दमदार, एक हलकं, मी रोज ऐकत होते. त्या दिवशी मोठ्याई मान खाली घालून तो आवाज थांबेपर्यंत ऐकत होती.

देवकाबाईंनी ताट परत ओढलं. सगळं जेवल्या, शीत न शीत. हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "दुकानात लोकं मले पुसतात, देवकाबाई, डार शुद्ध हाय का? मी बी कधी कधी खोटं बोलली. तुमी काहून खरं बोलल्या?"

"पाहुन्याले जेवू घालून खोटं नाही बोलाव," मोठ्याई म्हणाली. मग मागच्या दाराकडे पाहून, "तिच्यासंग खोटं बोलली होती. पाहुनी नोहती ना ते."

देवकाबाई उठल्या. उंबऱ्यावर उभ्या राहून माझ्याकडे वळल्या. "मले आता काही पुसायचं नाही. पोरीले पुसा, येते का."

मंदानं होकार दिला, पण आईला नाही. रात्री सगळे नाटकाला गेले तेव्हा मला गाठून म्हणाली, "काकू, त्यायले हो सांगा." एवढंच. लग्न माघात झालं. पाठवणीच्या वेळी मोठ्याईनं तिच्या पदरात तांदूळ घातले, मंदानं पदर नीट धरला, एक दाणा सांडू दिला नाही. पण वर पाहिलं नाही.

नंतरची वर्षं तुम्हाला थोडी माहीत आहेत. मंदा दर मंडईला यायची, मुलांना घेऊन, गजाननरावांना घेऊन. आईला औषधं आणायची, लुगडं आणायची. जे विचारावं त्याचं उत्तर द्यायची. बाहेरून पाहणाऱ्याला काही कमी दिसलं नसतं. पण त्या दोघी एका खोलीत असल्या की मंदाची नजर हातातल्या कामावरून वर यायची नाही. मोठ्याईनंही कधी माफी मागितली नाही, कणीच्या पोत्यासारखंच. वरणात आंबाडी पडत राहिली, आणि हंगामात शेजारणी टोपल्या घेऊन येत राहिल्या.

शेवटच्या मंडईला मोठ्याईचे हात थरथरू लागले होते. चुलीजवळ जायला आम्ही तिला मनाई केली होती, तरी ती पाटावर भिंतीला टेकून आत बसून राहायची, नजरेनं स्वयंपाक करायची. मंदा रांधत होती. तूर शिजली, लाखोरी शिजली. आता ती दुकानात उघड मिळते, मंदानं आपल्याच दुकानातली आणली होती. मग ती मागच्या दारानं बाहेर गेली. परत आली तेव्हा ओच्यात चिंचा होत्या, झाडावर उरून नुकत्याच खाली गळलेल्या, गेल्या हंगामातल्या, काळ्या आणि वाळलेल्या. तिनं त्या पुसल्या, सोलल्या, गरम पाण्यात घातल्या. आईकडे पाहिलं नाही, विचारलं नाही. मी परातीतल्या पिठावर हात तसाच ठेवून बसले होते. मोठ्याई बघत होती. कोळ गाळून वरणात पडला, उकळी आली, वास घरभर झाला. इतक्या वर्षांत त्या घरात तो वास मी घेतला नव्हता.

मंदानं पहिलं ताट आईला वाढलं. मोठ्याईनं कालवलं, वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. एक घास. दुसरा.

"आंबट झालं का?" मंदानं विचारलं.

"जरासं."

"गूळ टाकू?"

"नोको."

मोठ्याई एकदाच वाढून घ्यायची, आयुष्यभर. घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय दुसऱ्यांदा पळीकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. पंगत अजून बसायची होती, बाहेर पाहुणे खोळंबले होते. तिनं ताट थोडं पुढे सारलं.

"वाढ, माय," ती म्हणाली.

मंदानं पळी बुडापर्यंत घातली आणि वाढलं. वरण दाट होतं.